इथे कोणी हळू बोलत नाही

(अकोला येथे मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसतिगृहाचा अहवाल सांगा, असं पाळकसाहेबांनी मला कळवलं होतं. मुलं किती, पास किती झाली, धान्य किती लागलं, हे सगळं छापील पत्रकात आहे आणि ते पत्रक तुमच्या हातात आहे. म्हणून आकड्यांत मी तुमचा वेळ घेत नाही. मी एका प्रवासाची हकिकत सांगते. त्या प्रवासाला तुमच्यापैकी पुष्कळांनी हातभार लावला. कोणी तिकिटाचे पैसे दिले, महिला मंडळाच्या भगिनींनी स्वेटर विणून दिले. ते स्वेटर कुठे गेले आणि तिथे काय घडलं, हे समजण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्या हकिकतीत माझी एक चूक आहे. तीही आज तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

आमच्या वसतिगृहात एक मुलगी आहे. तिचं नाव मी सांगत नाही, कारण तिची तशी इच्छा आहे. गोष्ट सांगायला मात्र तिने आनंदाने हो म्हटलं. ती धारणी तालुक्यातल्या एका कोरकू गावची. आठवीपासून आमच्याकडे आहे आणि आता अमरावतीच्या कॉलेजात बी.ए. करते. अभ्यासात चांगली, आवाजही गोड. पण बोलायची फार हळू. इतकी हळू की शेजारी बसलेल्यालाही दोनदा विचारावं लागे. मी समजत होते की मुलीचा स्वभावच लाजरा आहे.

आपण अकोल्या-अमरावतीची माणसं पावसाळा लागला की चिखलदऱ्याला जातो. अकराशे मीटरच्या आसपास उंची, धुकं, गाविलगडचा किल्ला, कॉफीची झाडं. विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण म्हणून आपल्याला त्याचं कौतुक. या मुलीचं गाव त्याच सातपुड्याच्या रांगांत आहे. तिनेही चिखलदरा पाहिला होता. लहान असताना आई रस्त्याच्या कामावर गेली तेव्हा ती आईबरोबर गेली होती. गाड्या थांबायच्या, लोक उतरायचे, फोटो काढायचे, कणीस खायचे आणि जायचे. थंड हवेचं गाव म्हणजे दुसऱ्यांनी फिरायला यायचं आणि आपण खडी वाहायची, एवढीच तिची त्याबद्दलची कल्पना होती.

ईशान्येकडच्या मंडळ्यांनी ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी शिलाँगला एक शिबिर ठेवलं होतं. आम्हाला चार मुलांना नेता येणार होतं. मी दोन मुली आणि दोन मुलं निवडली. त्यात हिचं नाव घातलं तेव्हा ती म्हणाली, "दीदी, दुसऱ्या कोणाला न्या. मला तिथे बोलता येणार नाही." मी म्हटलं, "बोलू नकोस, नुसती पाहा." स्वयंपाकघरातल्या मावशींनी तिच्या पिशवीत ठेचा आणि दशम्या बांधून दिल्या आणि बजावलं, "पोरी, तिकडं थंडी लय राह्यते, कानाले बांधजो."

बडनेऱ्याहून दुपारी गाडी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी झारखंडातून जाताना टाटानगर लागलं, मग हावडा. तिथून दुसरी गाडी गुवाहाटीची. सराईघाटच्या पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडताना चारही मुलं खिडकीला चिकटली होती. एकाने पूर्णेशी तुलना करून पाहिली आणि मग स्वतःच हसला. शिलाँगपर्यंत रेल्वे जात नाही. गुवाहाटीहून सुमारे शंभर किलोमीटर सुमोने चढावं लागतं. नोंगपोह मागे पडल्यावर हवा बदलली. उमियमचा मोठा तलाव आला, त्याच्या काठाने पाईनची झाडं. खिडकी बंद करा म्हणेपर्यंत मुलांनी स्वेटर चढवले होते. अकोल्याच्या लोकरीचे स्वेटर मेघालयाच्या थंडीत पहिल्यांदा अंगावर आले, हे मी महिला मंडळाला मुद्दाम सांगते.

शिलाँग सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. १८७४ मध्ये आसामची राजधानी तिथे झाली आणि १९७२ पासून ती मेघालयाची राजधानी आहे. नोव्हेंबरात तिथे पाचच्या आतच अंधार पडायला लागतो. पहिल्या संध्याकाळी ही मुलगी पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होती. तिला वाटलं, घड्याळ बंद पडलं. मी समजावलं की सूर्य इथे आपल्यापेक्षा कितीतरी आधी उगवतो आणि आधीच मावळतो, घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. ती म्हणाली, "म्हणजे घड्याळ दुसऱ्याच्या गावचं आहे." मी हसले. त्या वाक्यात किती आहे, ते मला नंतर कळलं.

आमची उतरायची सोय मंडळीच्या घरांमध्ये होती. आम्ही दोघी लाईतुमख्रा भागात एका खासी कुटुंबात राहिलो. घरात आजी, तिची धाकटी मुलगी, जावई आणि नातवंडं. खासी लोकांत कूळ आईकडून चालतं आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. जावई सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, मुलगी प्राध्यापिका. आम्ही गेल्यावर आजीने आधी सुपारी, विड्याचं पान आणि चुना पुढे केला. त्याला ते क्वाई म्हणतात. घरी आलेल्या माणसाचं स्वागत त्यानेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा बोचरी होती. ही मुलगी स्वयंपाकघरात हात धुवायला गेली. आजीने तिचे गारठलेले हात आपल्या हातात घेतले, चुलीजवळ नेले आणि म्हणाली, "क्ती". हात. मुलगी एकदम थांबली. तिने विचारलं, "ती?" आजीने पुन्हा म्हटलं, "क्ती, क्ती." मुलीने आपला हात वर केला आणि मोठ्याने म्हणाली, "हमारे में ती बोलते हैं! कोरकू में!"

मग आजीला गंमत वाटली. तिने थंडीने लाल झालेल्या नाकाला बोट लावलं, "ख्मुत". मुलगी म्हणाली, "मू". आजीने डोळा दाखवला, "ख्मात". मुलगी म्हणाली, "मेड". दोघी हसायला लागल्या. मग त्यांनी पाणी, कुत्रा असे शब्द काढले, ते मात्र अगदीच वेगळे निघाले. तरी त्यांचा खेळ नाश्ता होईपर्यंत चालला होता. मी दारात उभी राहून पाहत होते. सहा-सात वर्षांत या मुलीचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी प्राध्यापिकाबाईंनी तो उलगडा केला. कोरकू आणि खासी या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. त्या कुळाला ऑस्ट्रोएशियाटिक म्हणतात. ख्मेर आणि व्हिएतनामी याही त्यातल्याच. कुळाची एक शाखा मुंडा. संथाली, मुंडारी, हो या त्या शाखेतल्या, आणि त्या शाखेची अगदी पश्चिमेकडची भाषा म्हणजे आपली मेळघाटची कोरकू. खासीची शाखा वेगळी, पण मूळ एक. फार जुनी ताटातूट, म्हणून बहुतेक शब्द बदलले. हात, नाक, डोळा असे काही तेवढे ओळखू येतात. बाई म्हणाल्या, "तुम्ही रेल्वेने झारखंडातून आलात ना? तिथे तुझ्या भाषेच्या सख्ख्या बहिणी आहेत. मी चुलत." संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली, हेही त्यांनीच सांगितलं. मुलगी काही बोलली नाही. वहीत लिहून घेत होती.

पुढचे दिवस शिबिराचे. मधल्या वेळात आम्ही शहर पाहिलं. वॉर्ड्स लेक पाहिलं, मावलाईचं सात मजली डॉन बॉस्को संग्रहालय पाहिलं. पण मुलांना सगळ्यात आवडला तो इव्दू बाजार. उतारावर पसरलेला प्रचंड बाजार, आणि बहुतेक दुकानांवर बायका. सुपारी, बटाटे, मासळी, मध, सगळा व्यवहार खासीत. पोलीस खासीत बोलतो, बँकेतली बाई खासीत बोलते, डॉक्टर रोग्याशी खासीत बोलतो. तिथे सगळं सुखाचंच आहे असं नाही. पाठीवर ओझी वाहणारी माणसं तिथेही आहेत, गरिबी तिथेही आहे. पण आदिवासी माणसाची भाषा तिथे घरात लपवून ठेवलेली नाही.

रविवारी उपासनेला गेलो. मंदिर भरलेलं. सूट घातलेले पुरुष, जैनसेम नेसलेल्या बायका, आणि चार आवाजांत गाणारी मंडळी. प्रार्थना खासीत, उपदेश खासीत, सूचनाही खासीत. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. बाहेर आल्यावर मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, "दीदी, इथे कोणी हळू बोलत नाही."

बंधुभगिनींनो, ते ऐकून मी आत कुठेतरी हादरले. मला पेत्र आठवला. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीजवळ तो उभा होता आणि लोकांनी त्याला त्याच्या बोलण्यावरून ओळखलं. गालीली माणसाची बोली लपत नाही. भीतीपोटी त्याने काय केलं, ते आपल्याला माहीत आहे. आपण त्या प्रसंगावर उपदेश करतो तो पेत्राच्या दुबळेपणाबद्दल. पण ज्याची बोली उघडी पडली की आजूबाजूचे लोक बोट दाखवतात, त्याला कसं वाटतं, हा विचार मी कधी केला नव्हता.

त्या रात्री दिवा मालवल्यावर अंधारात तिने मला विचारलं, "दीदी, मग आपल्या जेवणघरात ती पाटी का आहे?"

आता ती पाटी काय, ते सांगते. आमच्या जेवणघराच्या भिंतीवर एक पाटी होती: 'वसतिगृहात फक्त मराठीत बोलावे.' ती मी लावली होती. कोरकूत बोलताना कोणी सापडलं की त्या दिवशी सगळ्यांची ताटं घासायची, हा नियमही माझाच. माझा हेतू वाईट नव्हता. शाळेत मुलांना हसतात, पेपर मराठीत असतो, मराठी सुधारली की मुलं टिकतील, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. हीच मुलगी दर रविवारी फोन घेऊन गच्चीवर जायची, टाकीच्या मागे बसायची आणि आईशी कुजबुजत बोलायची. मी मनात म्हणायची, किती समंजस मुलगी, दुसऱ्यांना त्रास नको म्हणून वर जाते. ती समंजस नव्हती, ती घाबरलेली होती. ती हळू बोलायला शिकली ती आमच्या घरात, माझ्या नियमाखाली.

थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना पेन्टेकॉस्टच्या दिवसावर मी निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये स्वतःच्या भाषेत ऐकली. सगळ्यांना एक भाषा शिकवून मग सुवार्ता सांगितली गेली नाही. हे मी लिहिलं होतं, परीक्षेत. आणि भिंतीवर ती पाटी लावली होती. अंधारात मी त्या मुलीला एवढंच म्हणू शकले, "चुकलं माझं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठीक आहे दीदी. काढून टाकू."

प्राध्यापिकाबाईंनी आम्हाला थॉमस जोन्स यांच्याबद्दल सांगितलं होतं. वेल्समधला हा मिशनरी १८४१ च्या जूनमध्ये सोहऱ्याला, म्हणजे चेरापुंजीला पोहोचला. त्याआधी सेरामपूरच्या मिशनने खासी भाषा बंगाली लिपीत लिहून पाहिली होती, पण ती लोकांत रुजली नाही. जोन्स लोकांमध्ये राहून भाषा शिकले आणि रोमन अक्षरांत ती लिहू लागले. सुतारकाम शिकवता शिकवता त्यांनी वाचनही शिकवलं. १८४९ मध्ये कोलकात्यात त्यांचा अंत झाला तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते. पण भाषा काही एकट्या मिशनऱ्याने उभी केली नाही. सोसो थाम यांच्यासारखा शाळामास्तर खासीत कविता लिहू लागला, लोकांनी शाळा चालवल्या, पुस्तकं छापली. आज तिथल्या विद्यापीठात खासीचा स्वतंत्र विभाग आहे.

हे ऐकून मी परत आल्यावर आपल्याकडचं शोधलं. मला आणखी लाज वाटली. जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचं व्याकरण लिहिलं आणि ते १९०३ मध्ये कोलकात्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापलं गेलं. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी कोरकू माणसांजवळ बसून त्यांचं एकेक क्रियापद टिपून घेतलं होतं. आणि मी त्याच मुलांना ती भाषा बोलल्याबद्दल ताटं घासायला लावत होते. 'कोरकू' या शब्दाचा अर्थच मुळात 'माणसं' असा आहे.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही पोलीस बाजारात शाली घ्यायला गेलो. मुलीच्या आईचा फोन आला. भर चौकात, गर्दीत, ती उभी राहिली आणि कोरकूत बोलू लागली. खणखणीत आवाजात. काय बोलली ते मला कळलं नाही. मी इतकी वर्षं त्या मुलांमध्ये राहून चार वाक्यं शिकले नव्हते. फक्त एक शब्द ओळखला, "ती". नंतर तिने सांगितलं, "आईला म्हटलं, इथल्या आजीचा हात आणि आपला हात एकच आहे."

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी पाटी उतरवली. ती मुलांसमोर उतरवली आणि मुलांची माफी मागितली. लहान मुलांना आधी विश्वासच बसेना. पाचवीतल्या एका मुलाने दबकत एक कोरकू शब्द उच्चारला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणत नाही म्हटल्यावर त्याने दुसरा उच्चारला. मग जेवणघरात जो गलका झाला, तो अजून थांबलेला नाही. मावशी म्हणतात, "बाई, पह्यले बरं होतं, शांतता तरी राह्यत होती." पण त्याही आता "ती धू" म्हणून मुलांना हात धुवायला पाठवतात.

मराठी आम्ही सोडलेली नाही. मराठी हवीच, इंग्रजीही हवी. पण आता संध्याकाळी एक तास मोठी मुलं लहानांना गणित आणि परिसर अभ्यास कोरकूत समजावतात, आणि मग तेच मराठीत लिहायला लावतात. ही मुलगी त्या तासाची प्रमुख आहे. तिच्या शिलाँगच्या वहीचं आता मोठं रजिस्टर झालं आहे. दिवाळीला, होळीला घरी गेली की म्हाताऱ्या माणसांकडून शब्द, गाणी, झाडांची नावं लिहून आणते. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, तेव्हा कामासाठी बाहेर गेलेली माणसंही गावी परततात. बी.ए. झाल्यावर शिक्षिका व्हायचं तिने ठरवलं आहे, आणि तेही मेळघाटातच. पहिलीत आलेल्या मुलाला बाईंची भाषाच कळत नसेल तर तो शाळेत नुसता बसतो आणि एक दिवस यायचा थांबतो. तिचा धाकटा भाऊ असाच थांबला. हे तिने मला त्या प्रवासानंतर सांगितलं. आधी मी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझी तुमच्याकडे आज दोन मागणी आहेत. पहिली, तिचं रजिस्टर छोट्या पुस्तकाच्या रूपात छापायचं आहे: चित्र, कोरकू शब्द आणि मराठी शब्द, वसतिगृहातल्या आणि गावातल्या लहान मुलांसाठी. त्यासाठी जे देता येईल ते द्या. दुसरी मागणी पैशाची नाही. तुमच्यापैकी अनेक जण नाताळात वसतिगृहाला भेट द्यायला येता, मुलांना विचारता, "कविता म्हणून दाखव," आणि मुलं इंग्रजी किंवा मराठी कविता म्हणतात. या वर्षी त्यांना विचारा, "हाताला तुमच्यात काय म्हणतात?" आणि ते जे सांगतील ते तुम्हीही म्हणून पाहा. चुकलं तर मुलं हसतील. हसू द्या.

ज्या भगिनीने त्या मुलीचा स्वेटर विणला, ती इथे बसली आहे. ताई, तो स्वेटर ती मेळघाटच्या थंडीत वापरते. शिलाँगहून निघताना तिने तो आजीला द्यायला काढला होता. आजीने परत तिच्याच अंगावर घातला, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "खुब्लेई." त्या शब्दाने ते आभार मानतात आणि देवाचा आशीर्वादही मागतात.

तुम्हा सर्वांना तोच शब्द. खुब्लेई. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.